कामावरची सेफ्टी, अपघात, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) अन् भरपाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याची स्टील एमआयडीसी, लातूरच्या डाळ मिली, नांदेडचं कृष्णूर, इकडून जे प्रश्न सतत येतेत ते एका जागी केलेत. नावं अन् कंपन्या काढून टाकल्या, प्रश्न मात्र तुमच्याच भाषेत ठेवलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, अपघात मशीनवर होतो पण भरपाई बुडते ती कागदावर, म्हणून उत्तरांमधे मशीनबद्दल जेवढं आहे तेवढंच कागदाबद्दल पण आहे. एखादी गोष्ट दुसरीकडं सांगितली असंल तर तिथला प्रश्न नंबर दिलाय.

१. सेफ्टी म्हणजे निस्तं हेल्मेट अन् शूज का? कंपनीला नेमकं काय काय द्यायला लागतं?

हेल्मेट-शूज सगळ्यात शेवटी येतेत. आधी धोका मशीनवरच अडवायचा असतो, म्हणजे फिरत्या बेल्टला, गिअरला गार्ड, प्रेसला सेन्सर, धूळ उडते तिथं एक्झॉस्ट, उघड्या पिटला कठडा. एवढं करून जे उरतं त्याच्यासाठी अंगावरचं सामान. आपल्याकडं उलटं चालतंय, गेटवर "सेफ्टी फर्स्ट" चा बोर्ड, हातात ग्लोव्हज, अन् मशीनचा गार्ड कोपऱ्यात पडलेला. बरं, ग्लोव्हज पण सगळीकडं चालत नाहीत. ड्रिल किंवा लेथवर फिरत्या भागाजवळ ग्लोव्हज घातले तर ते गुंडाळतेत अन् हात आत ओढतेत, तिथं फुल बाहीचा ढगळ शर्ट, गळ्यातला गमछा, हातातलं कडं पण नको.

बाकी प्यायचं पाणी, संडास-मुतारी (बायकांची वेगळी), फर्स्ट एडची पेटी, उजेड, हवा, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट, अन् नवीन माणसाला काम शिकवणं हे सगळं कायद्यातच आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तर दर १५० कामगारांमागं एक फर्स्ट एड पेटी अन् पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको, इथपर्यंत लिहून ठेवलं होतं (तो कायदा आता नवीन लेबर कोडमधे गेलाय, प्रश्न ३).

२. सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापले. चालतं का?

नाही चालत. कामगाराच्या सुरक्षेसाठी, आरोग्यासाठी जे काही द्यायचं त्याचा पैसा कामगाराकडून घेता येत नाही, नवीन लेबर कोडमधे (प्रश्न ३) हे स्पष्ट आहे. "वर्षात दुसऱ्यांदा फाटले म्हणून कापले" हे पण तेच. फाटलेला बूट परत देऊन नवीन मागा अन् मागितल्याचा मेसेज ठेवा. पगाराच्या स्लिपवर कपात दिसत असंल तर ती स्लिपच पुरावा आहे, फेकू नका.

३. नवीन लेबर कोड लागू झाला म्हणतेत, मंग जुना फॅक्टरी कायदा गेला का? आमच्या शॉपमधे १२ च जण आहेत.

चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. सेफ्टीचा कोड २०२० चा, फॅक्टरी कायदा, ठेकेदारी कामगार कायदा, बांधकाम कामगार कायदा असे १३ कायदे त्यात गेले. पण जुन्या नियमांमधलं जे नवीन कोडच्या आड येत नाही ते नवे नियम पक्के बसेपर्यंत चालू ठेवलंय, त्यामुळं कोणी "आता काहीच लागू नाही" म्हणलं तर ऐकू नका.

तुमच्यासारख्या छोट्या शॉपवाल्यांना मात्र फरक पडतो. आधी वीज वापरून १० जण असले की कारखाना धरायचे, आता २० लागतेत (विजेशिवाय ४०). म्हणून १२ जणांचं शॉप "कारखाना" म्हणून धरलं जाणार नाही. पण १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कोडमधली मालकाची साधी कर्तव्यं लागू आहेतच, नेमणूकपत्र पण द्यायलाच लागतं. ईएसआय १० माणसांपासून आहे अन् अपघाताची भरपाई तर चार माणसांच्या शॉपला पण सुटत नाही (प्रश्न ८). काम धोकादायक प्रकारातलं असंल तर एक कामगार असला तरी ईएसआय लावता येतो.

मोठ्या कंपनीवाल्यांसाठी: सेफ्टी ऑफिसर आता ५०० कामगारांवर लागतो, धोकादायक प्रक्रिया असंल तर २५० वर. आधी साधारण १००० होतं, हा बदल चांगला झाला.

४. प्रेसवर सेन्सर बंद करून काम करायला सांगतेत, प्रोडक्शन निघत नाही म्हणून. नाही म्हणलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतेत. काय करावं?

वाळूज पट्ट्यातला हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन हातांचं बटण कामून असतं? दोन्ही हात बटणावर असले म्हणजे डायमधे (साच्यात) हात असूच शकत नाही. एका बटणाला टेप मारून ठेवली की ते निस्तं दिखाव्याचं राहतं. सेन्सरचं पण तसंच, हात आत गेला की स्ट्रोक थांबतो, अन् बायपासची चावी सुपरवायझरच्या खिशात असली की काही थांबत नाही. ऑपरेटर म्हणतो मी पंधरा वर्षं चालवतोय, माझा हात बसलाय. हात बसलेला असतो हे खरंय, पण प्रेस बसलेली नसते. जुन्या की-क्लचच्या प्रेसच्या क्लचमधली चावी झिजली की ती एका पॅडलवर डबल मारते, त्या दुसऱ्या स्ट्रोकला अनुभव काही करू शकत नाही. डबल मारायला लागली की प्रेस बंदच करायला सांगायची, "शिफ्ट काढू मंग बघू" नाही. पीस काढायला चिमटा किंवा मॅग्नेट मागा. डाय बसवताना मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, अन् रॅमखाली (वरून खाली येणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक.

आता नोकरीचं. एकट्यानं लाईनवर भांडू नका, त्यानं निस्तं तुम्हालाच काढतेत. सुपरवायझरला साधा मेसेज टाका, "प्रेस नंबर अमुकचा सेन्सर बंद आहे, चालू करून द्या, मंग काम करतो." भाषा नरम, तारीख-वेळ आपोआप पडते. जीवाला धोका वाटत असंल तर मालकाला किंवा सेफ्टी कमिटीला सांगायचा अन् त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवायचा हक्क कोडनं कामगाराला दिलाय. त्या मशीनवर तिन्ही शिफ्टला जे जे बसतेत त्या सगळ्यांनी मिळून लिहिलं तर फार फरक पडतो. तरी पण कॅज्युअल माणसाला उद्या गेटवर अडवणं त्यांना सोपं असतंय, हे मी लपवत नाही. पण तो मेसेज असला की पुढं अपघात झाल्यावर "यानंच सेन्सर बंद केला" हे कोणाला म्हणता येत नाही (प्रश्न ९).

५. बोट तुटलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

जखमेवर स्वच्छ कपडा दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी काही लावू नका. तुटलेलं बोट शोधा, माती असंल तर स्वच्छ पाण्यानं हलकं धुवा, ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा अन् ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, त्यानं पेशी मरतेत अन् जोडता येत नाही. बर्फ कँटीनमधे नसंल तर बाहेरच्या रसवंतीवर मिळतो. माणसाला खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. १०८ लावा किंवा गाडी काढा, अन् निघतानाच हॉस्पिटलला फोन करून विचारा बोट जोडणारा सर्जन आहे का, नाहीतर दोन दवाखाने फिरण्यात वेळ जातो.

६. मालक म्हणतो प्रायव्हेटमधे दाखवतो, सगळा खर्च मी करतो, फक्त बाहेर सांगू नको. ऐकावं का?

उपचार घ्या. जीवाचा प्रश्न असंल तर जवळचं कोणतंही हॉस्पिटल बरोबरच आहे. पण "सांगू नको" ऐकू नका.

मालकाचं गणित समजून घ्या. टाक्यांचा खर्च त्याला परवडतो, रेकॉर्ड परवडत नाही. रेकॉर्ड झालं की निरीक्षक येणार, सेन्सर कामून बंद होता विचारणार. अन् तुमचं गणित वेगळंय, टाके महिन्यात सुटतेत पण बोट कायमचं गेलेलं असतं, अन् त्या कायमच्या नुकसानीचे पैसे अपघात ड्युटीवर झाला हे कागदावर असलं तरच मिळतेत.

सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं माहितीय? केस पेपरवर. डॉक्टर विचारतो कसं लागलं, सोबत आलेला कंपनीचा माणूस सांगतो घरी दरवाजात सापडलं, अन् ते तसंच लिहिलं जातं. वर्षानं तोच पेपर तुमच्या विरोधात समोर येतो. म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा, नसाल तर सोबतच्या दोस्तानं सांगावं: अमुक कंपनी, अमुक मशीन, एवढे वाजता. अन् लिहिलेलं वाचून घ्या.

बाकी त्याच दिवशी जमेल तेवढं करा. मशीनचा फोटो दोस्ताला काढायला सांगा, त्या वेळी जवळ कोण होतं त्यांची नावं लिहा, हजेरी किंवा पंचिंगचा पुरावा ठेवा, एचआरला मेसेज टाका की आज एवढे वाजता अपघात झाला. ईएसआयवाल्यांनी अपघात रिपोर्ट ऑनलाइन भरला का ते विचारा, तो मालकानं भरायचा असतो. कारखान्यात कोणी मेलं किंवा ४८ तासांपेक्षा जास्त कामावर येऊ शकलं नाही तर सरकारला कळवायचं बंधन आहे, ते मालकाच्या मर्जीवर नसतं.

७. ईएसआय आहे पण कार्ड आलं नाही, कामाला लागून आठवडाच झाला होता. काही मिळंल का?

मिळतं. आजारपणाच्या रजेच्या पैशाला काही दिवसांचा हप्ता भरलेला लागतो, कामावरच्या अपघाताला ती अट नाही, पहिल्या दिवशी झाला तरी चालतो. कार्ड नसंल तर नंबर निघालाय का बघा, ई-पहचान कार्ड ऑनलाइन काढता येतं. मालकानं हप्ताच भरला नसंल तरी कामगाराचा हक्क बुडत नाही, ईएसआय महामंडळ ते मालकाकडून वसूल करू शकतं.

मिळतं काय ते असं. डॉक्टरनं काम करू नको म्हणलंय तोवर साधारण पगाराच्या ९० टक्के. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड किती टक्के कमाई गेली ते ठरवतं अन् त्या प्रमाणात दर महिन्याला आयुष्यभर पैसे. मृत्यू झाला तर घरच्यांना ९० टक्क्यांच्या हिशोबानं वाटून पेन्शन. उपचार फुकट. मेडिकल बोर्डाला स्वतःहून अर्ज करायला लागतो हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, जखम भरली की लोक परत मशीनवर बसतेत अन् विषय तिथंच संपतो.

पगाराची मर्यादा २१,००० आहे. पगार मधेच त्याच्या वर गेला तर लगेच बाहेर पडत नाही, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, तो हप्त्याचा काळ संपेपर्यंत ईएसआय चालू राहतो. पगारवाढीच्या महिन्यात अपघात झालेल्यांना "तू आता ईएसआयमधे नाहीस" म्हणून परत पाठवलेलं ऐकलंय, ते चूक आहे.

८. आमच्याकडं ईएसआय नाही. मंग भरपाई किती अन् कोण देणार?

मालक देणार. हे आधी १९२३ च्या भरपाई कायद्यात होतं, आता सामाजिक सुरक्षा कोडमधे आलंय, हिशोबाची पद्धत तीच. मृत्यूला महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा आकडा (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला). कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले तोच आकडा. पगार १५,००० पर्यंतच धरत आलेत.

उदाहरण घ्या, वय ३०, पगार १५,०००. तिशीचा आकडा २०७.९८. मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. बोटांसाठी टक्के ठरलेत: अंगठा पूर्ण गेला तर ३०, अंगठ्याजवळचं बोट पूर्ण गेलं तर १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. वरच्याच माणसाचं अंगठ्याजवळचं बोट गेलं तर ९,००० गुणिले २०७.९८, त्याचे १४ टक्के, म्हणजे २ लाख ६२ हजाराच्या आसपास. मालक जेव्हा वीस हजाराचं पाकीट देऊन कागदावर सही घेतो तेव्हा हा आकडा डोक्यात ठेवा.

भरपाई महिन्याभरात दिली नाही तर वर १२ टक्के व्याज, अन् कारण नसताना लांबवली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मृत्यूच्या केसमधे पैसे बायकोच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही, ते सक्षम अधिकाऱ्याकडं (जुन्या कायद्यातला भरपाई आयुक्त) जमा करायला लागतेत अन् तिथून वारसांना मिळतेत. भावकीत भांडण लागतं तेव्हा हा नियम बाई-लेकरांच्या फार कामाला येतो. दावा लावायला दोन वर्षं उलटू देऊ नका.

ईएसआय असणाऱ्यांना मात्र हा दावा मालकावर लावता येत नाही, त्यांचा रस्ता प्रश्न ७ चा.

९. चूक माझीच होती, गार्ड मीच काढला होता. आता काहीच मिळणार नाही का?

इतकं सरळ नाही. प्रश्न ८ मधली भरपाई तीन कारणांनी नाकारता येते: नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला, किंवा गार्ड मुद्दाम काढला. यात "मुद्दाम" ला वजन आहे. दुर्लक्ष झालं, डुलकी लागली, घाई होती, हे मुद्दाम धरत नाहीत. सगळ्या शिफ्टला गार्ड काढूनच काम चालायचं अन् सुपरवायझरला माहिती होतं, तर ते मालकाला तुमच्यावर ढकलणं अवघड जातं. अन् मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर हे तिन्ही बहाणे चालतच नाहीत, भरपाई द्यावीच लागते.

ईएसआयमधे तर नियम मोडून केलेलं काम पण मालकाच्याच धंद्यासाठी केलेलं असंल तर अपघात कामावरचाच धरतेत. तरी गार्ड स्वतःहून काढणं कामगारासाठी पण गुन्हाच आहे, दंड होऊ शकतो.

१०. ड्युटीला जाताना रस्त्यात अपघात झाला तर तो कामावरचा धरतेत का?

ईएसआयमधे धरतेत, २०१० पासून. घर ते कंपनी येताना-जाताना, वेळ-जागा अन् कामाचा संबंध जुळला पाहिजे. ईएसआय नसलेल्यांचा प्रश्न अर्धवट लटकत होता, तो सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जुलैमधे मिटवला. केस आपल्याकडचीच, उस्मानाबादची (आता धाराशिव). साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनची ड्युटी, २००३ मधे गाडीवर जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. खाली भरपाई मंजूर झाली, हायकोर्टात रद्द झाली, अन् सुप्रीम कोर्टानं परत दिली. बावीस वर्षं लागली घरच्यांना.

यातून शिकायचं ते एवढंच की शिफ्टचा कागद, पंचिंग, पोलिसात नोंद अन् नेहमीचा रस्ता हे जुळलं पाहिजे. कंपनी सुटल्यावर दोस्ताच्या हळदीला वाकडी वाट करून गेलात अन् तिथून येताना पडलात तर ते यात बसणं अवघड आहे.

११. मी ठेकेदाराकडून लागलोय / ट्रेनी आहे / अप्रेंटिस आहे. माझी जबाबदारी कोणाची?

ठेकेदाराचा माणूस असलात तरी काम कंपनीच्या आवारात कंपनीचं करताय, म्हणून भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते, ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करंल, तो त्यांचा आपसातला विषय. ठेकेदार फोन उचलत नाही म्हणून गप बसू नका. गेटपास, आयडी, बँकेत आलेला पगार, यातलं एक तरी जपून ठेवा.

अप्रेंटिस कायद्याखाली नोंदणी असंल तर तुम्ही ईएसआयमधे नसता, पण सेफ्टी कामगारासारखीच अन् भरपाई प्रश्न ८ प्रमाणं मालकाकडून. निस्तं तोंडी "ट्रेनी" म्हणून तीन वर्षं प्रोडक्शनवर घासत असाल तर नाव काही पण असू द्या, काम कामगाराचं आहे.

१२. जालन्याच्या स्टील मिलमधे भट्टीवर आहे. भट्टी उडते ती कशानं? आपल्या हातात काय आहे?

बहुतेक वेळा पाण्यानं. वितळलेल्या लोखंडाखाली पाण्याचा थेंब अडकला की त्याची क्षणात वाफ होते, अन् वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते, मंग ती वरचं लोखंड घेऊनच बाहेर येते. ओलं स्क्रॅप, दोन्हीकडून बंद पाइप, गाड्यांचे शॉकअब्जॉर्बर, बंद डबे, सिलेंडर, हे सगळे त्याच जातीचे. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला माल थेट भट्टीत जातो तेव्हा जास्त धोका. ऑगस्ट २०२४ मधे जालन्याच्याच एका स्टील कारखान्यात भट्टीवर स्फोट होऊन बरेच कामगार भाजले होते, ते सगळ्यांना आठवत असंल.

तुमच्या हातात: स्क्रॅप छाटणी होते का बघा, बंद नग कापून किंवा भोक पाडून मगच टाका, ओला माल आधी वाळवा, चार्जिंग करताना तोंडासमोर उभं राहू नका. कपडे सुती जाड, टेरिकॉट-पॉलिस्टर अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पॅन्ट बुटाच्या वरून, आत खोचलेली नको, नाहीतर ठिणगी बुटात जाते. भाजलं तर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, टूथपेस्ट-शाई नाही.

१३. एप्रिल-मे मधे पत्र्याच्या शेडमधे जीव जातो. कंपनी काही करायला बांधील आहे का?

हो, हवा खेळती अन् तापमान सहन होईल असं ठेवणं मालकाचं काम आहे. पत्र्यावर पांढरा रंग, वर टर्बो पंखे, थंड पाणी, दुपारचं जड काम सकाळी घेणं, हे महागडं नाही. परभणी-नांदेडला पारा ४४ च्या वर जातो तेव्हा भट्टीजवळ काय होत असंल विचार करा. चक्कर, गोळे येणं, भरपूर घाम, इथपर्यंत सावली, पाणी, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, बेशुद्ध व्हायला लागला तर तो उष्माघात, १०८ लावा, कपडे सैल करा, मान-काख-जांघेत ओलं फडकं, पंखा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. नवीन माणसाला अन् लांब सुट्टीवरून आलेल्याला आठवडाभर हलकं काम द्या, त्यांनाच जास्त लागतं.

१४. टाकी साफ करायला उतरायला सांगतेत. दोरी देतेत, मास्क देतेत. उतरावं का?

मास्क कापडी किंवा धुळीचा असंल तर नाही. बंद टाकीत, चेंबरमधे, मळीच्या किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात ऑक्सिजन कमी असतो नाहीतर विषारी गॅस असतो, अन् धुळीचा मास्क ऑक्सिजन बनवत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस जास्त झाला की वासच येणं बंद होतो, लोकांना वाटतं गेला. काडी पेटवून बघणं पण चूक, स्फोट होतो.

२०२३ च्या मे मधे परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. अशा ठिकाणी नेहमी असंच होतं, एक पडतो अन् त्याला काढायला दुसरा, तिसरा उतरतो. म्हणून वरचा माणूस कधीच मागं उतरत नाही, दोरीनं वरूनच ओढायचं, दोरी आधीच कमरेला-खांद्याला पट्ट्यानं बांधलेली पाहिजे. आधी मीटरनं हवा तपासणं, ब्लोअरनं ताजी हवा, लेखी परमिट, वर जागता माणूस, हे नसंल तर उतरू नका. गटार-सेप्टिक टँकमधे असा माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंदच आहे, अन् गटारातल्या मृत्यूला ३० लाख द्यायचं सुप्रीम कोर्टानं २०२३ मधे सांगितलंय.

१५. अपघात नाही झाला, पण जिनिंगमधे छाती आवळते, प्रेसमुळं कानात शिट्टी वाजते. हे पण कामावरचं धरतेत का?

धरतेत. कापसाच्या धुळीनं होणारा आजार, खडी क्रशर-फाउंड्रीतला सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं फुफ्फुस खराब होणं), आवाजानं गेलेले कान, शिशाची बाधा, हे कायद्याच्या यादीतले आजार आहेत अन् त्यांना अपघातासारखीच भरपाई आहे. अडचण एवढीच की हे सिद्ध करायला लागतं अन् तोवर माणसानं तीन जागा बदललेल्या असतेत.

जिनिंगवाल्यांची खूण अशी, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते अन् आठवडाभरात कमी होते. क्रशरवाल्यांना बऱ्याचदा टीबीच्या गोळ्या चालू होतेत अन् फरक पडत नाही, तेव्हा डॉक्टरला "मी क्रशरवर आहे" हे सांगाच, न विचारता. सिलिकोसिस बरा होत नाही, पाणी मारून धूळ दाबणं हाच इलाज आहे. आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे, मीटर नसंल तर साधी पारख अशी की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं म्हणजे जास्तच आहे. कामाला लागतानाच कान अन् छाती तपासून रिपोर्ट घरी ठेवा, पुढं तुलना करायला तोच लागतो.

१६. आम्ही रात्री कंपनीतच झोपतो, खोलीभाडं वाचतं. यात काय वाईट?

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. कापूस, फोम, केमिकल, पुठ्ठा असलेल्या जागी झोपायचंच नाही. अगदीच नाइलाज असंल तर एवढं बघा: बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, शटरला बाहेरून कुलूप लावतेत का (माणसं आत असताना कुलूप लावणं बेकायदेशीर आहे), अन् झोपायच्या जागेत मोबाईल चार्जरच्या वायरींचा गुंता, शेगडी आहे का. आगीत धूर आधी मारतो, खाली वाकून निघा.

१७. मी बाई आहे. रात्रपाळीला नाही म्हणता येतं का? अन् सुपरवायझर त्रास देतो त्याचं काय?

रात्री ७ नंतर अन् सकाळी ६ च्या आधी काम तुमच्या संमतीनंच. संमती दिली तरी ने-आण, उजेड, संडास, सुरक्षित जागा ही जबाबदारी मालकाची. नाही म्हणल्यावर दिवसाची पाळी पण काढून घेतली तर कामगार कार्यालयात लेखी द्या.

त्रासाबद्दल: १० किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजेच, २०१३ चा कायदा आहे. नसंल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असंल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. शक्यतो तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार.

१८. आम्ही फॅक्टरीत नाही, बांधकामावर अन् सीझनला ऊसतोडीला असतो. आमच्यासाठी काही आहे का?

बांधकामवाल्यांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा, वय १८ ते ६०. कामावर मृत्यू झाला तर ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, शिवाय सेफ्टी किट. नोंदणी जिवंत ठेवायला लागते, नूतनीकरण विसरलं की ऐनवेळी नाव बंद निघतं. दोन मीटरच्या वर चढायचं असंल तर पट्टा, अन् पट्टा अडकवायला पक्की जागा, परांची बांधलेल्या बांबूला नाही.

ऊसतोडीचा विषय वेगळा अन् मोठा आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळात नोंदणी करून ओळखपत्र घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉली पलटली तर गाडीच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा लावा, विमा कंपनी "ट्रॉलीत माणसं बसवायचीच नव्हती" म्हणंल, तरी लावा. मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून जखमी माणसाला तिथंच ठेवणं हे कोणत्याच कायद्यात बसत नाही. बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा बीडचा विषय २०१९ मधे गाजला, खाडे (कामाला न गेलेल्या दिवसाचा दंड) भरावे लागतेत ही भीती त्याच्या मुळाशी होती, म्हणून कोणत्या पण डॉक्टरनं लगेच ऑपरेशन सांगितलं तर सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्याच.

१९. तक्रार कुठं करायची? माझं नाव मालकाला कळंल का?

कारखान्याच्या सेफ्टीची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं, त्यांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. पगार, कपात, काढून टाकणं हे कामगार उपायुक्त कार्यालयात. ईएसआयचं त्यांच्या शाखा कार्यालयात. आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम दुप्पट दरानं द्यायचं असतं, ते दिलं नाही तर ती तक्रार पण कामगार कार्यालयातच.

नावाबद्दल, तक्रार कोणी केली हे निरीक्षकानं गुप्त ठेवायचं असतं, तो "तक्रार आली म्हणून आलोय" असं पण सांगू शकत नाही. पण छोट्या शॉपमधे मालक अंदाज लावतोच. म्हणून तक्रारीत "मी" पेक्षा मशीनबद्दल लिहा: कोणती लाईन, कोणती प्रेस, कोणत्या शिफ्टला सेन्सर बंद असतो, केव्हापासून. एवढं नेमकं असलं की निरीक्षकाला दाखवलं जाईल तेवढंच बघून परत जावं लागत नाही. तक्रारीची पोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा.

२०. मालकाला शिक्षा होते का खरंच, का निस्तं दंडावर सुटतो?

नवीन कोडमधे कर्तव्य मोडल्यामुळं मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी ५ लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही. त्या दंडातला निदान निम्मा पैसा जखमीला किंवा वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं, हा मुद्दा तुमच्या वकिलानं मागायचा असतो. तो पैसा प्रश्न ७-८ च्या भरपाईपेक्षा वेगळा आहे, म्हणून "एक मिळालं, दुसरं सोडून द्या" असं कोणी म्हणलं तर सही करू नका.